घराच्या आतली विद्या

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. त्या कामातला एक अनुभव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगितला जातो. खरे तर तो वास्तुरचना शिकणाऱ्यांनीही ऐकावा असा आहे. परिसरातील आदिवासी बांधव आजारी पडत, कित्येकदा प्राणावर बेतत असे, तरीही ते दवाखान्याची पायरी चढत नसत. याचे कारण अज्ञान किंवा अंधश्रद्धा असावे, असे दुरून पाहणाऱ्याला सहज वाटले असते. डॉक्टरांनी मात्र लोकांनाच विचारले आणि मिळालेले उत्तर वेगळेच होते. दवाखान्याची इमारत मोठी असते, तिथे माणूस हरवतो. डॉक्टर व परिचारिका पांढरे कपडे घालतात, आणि पांढऱ्या कापडात तर प्रेत गुंडाळतात. रोग्याला एका खोलीत ठेवतात व नातेवाइकांना बाहेर काढतात. तिथे देवही नसतो. अशा जागी माणूस बरा कसा होणार?

त्यानंतर धानोरा रस्त्यावरील शोधग्राम येथे दवाखाना उभा राहिला तो एखाद्या आदिवासी गावासारखा. एकच अवाढव्य इमारत बांधण्याऐवजी झोपडीसारख्या छोट्या छोट्या वास्तू बांधल्या, रोग्याजवळ त्याच्या घरच्यांना राहता येईल अशी सोय ठेवली आणि दवाखान्याला परिसराच्या श्रद्धास्थानाचे, दंतेश्वरी मातेचे, नाव दिले. 'मा दंतेश्वरी दवाखाना' हे नाव आज जिल्हाभर परिचित आहे. लोकांची भीती ज्या गोष्टींत होती त्या खोलीत, दारात, रंगात आणि माणसाच्या अंतरात होत्या. त्या बदलल्या तेव्हा रोग्यासाठी वाट मोकळी झाली.

चार भिंतींच्या आत माणूस कसा वागतो, कशाने बिचकतो, कशाने स्थिरावतो आणि त्यासाठी जागा कशी घडवावी, हे शिकवणारी एक स्वतंत्र विद्याशाखा आज विद्यापीठांत आहे. तिला अंतर्गत वास्तुरचना म्हणतात. बोलीत 'इंटिरिअर' या एकाच शब्दावर काम भागवले जाते. चंद्रपूर-गडचिरोली भागातील व्यापारी घरांत बारावीच्या निकालानंतर आता हा शब्द अधूनमधून कानी पडू लागला आहे. मुलगी किंवा मुलगा तो उच्चारतो आणि घरात दोन प्रश्न उभे राहतात. पडदे आणि रंग निवडायला पदवी कशाला हवी? आणि एवढे शिकून मूल पुण्या-मुंबईलाच राहिले, तर पेढी कोणी सांभाळायची? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे सविस्तरच द्यावी लागतील.

सजावट आणि रचना

पहिल्या प्रश्नात एक समजूत दडलेली आहे. घर बांधून झाले की ते नटवणे म्हणजे इंटिरिअर, ही ती समजूत. नटवण्याच्या कामाला सजावट म्हणतात, आणि तीही एक कला आहे. अंतर्गत वास्तुरचनेचा आरंभ त्याच्या बराच आधी होतो. उभ्या असलेल्या इमारतीत जिना कुठे असावा, उजेड कुठून यावा, वारा कसा खेळावा, कोणती भिंत काढता येईल आणि कोणती काढल्यास वरचा मजला खाली येईल, पाणी व वीज कोणत्या मार्गाने न्यावी, आग लागल्यास माणसे कोणत्या दाराने बाहेर पडतील, याचा विचार म्हणजे ही विद्या. जुन्या वाड्याचे वाचनालय करायचे असो किंवा धान्याच्या गोदामाचे शिकवणीवर्ग करायचे असोत, बाहेरचा सांगाडा तोच ठेवून आतला संसार नव्याने मांडण्याचे हे शास्त्र आहे.

त्याचा पाया मोजमापात आहे. स्वयंपाकाचा ओटा सामान्यतः ८५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवतात. पण खरे माप उभ्या राहणाऱ्या व्यक्तीच्या कोपरावरून निघते. ठेंगण्या सासूबाईंना उंच ओटा लाभला तर खांदे दुखतात, उंच सुनेला बुटका ओटा मिळाला तर कंबर जाते. चाकाची खुर्ची सहज जावी म्हणून दार ९० सेंटिमीटर रुंद हवे. त्याच खुर्चीसाठी उतार करायचा तर एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी लागते. ज्यांच्या घरात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजी उंबरठ्यापाशी अडखळते, त्यांना हे आकडे कोरडे वाटणार नाहीत.

कापडाच्या दुकानातला अनुभव तर प्रत्येक व्यापाऱ्याच्या परिचयाचा आहे. गिऱ्हाईक साडी हातात घेते, दिव्याखाली पाहते आणि म्हणते, "जरा दारात नेऊन बघते." दुकानातल्या प्रकाशात जांभळा दिसणारा रंग उन्हात तपकिरी निघतो, हे तिला ठाऊक असते. दोष साडीचा नसतो, दिव्याचा असतो. दिवा रंग किती खरा दाखवतो, हे सांगणारा एक निर्देशांक असतो. सूर्यप्रकाशाला शंभर धरले, तर कापड वा दागिन्यांच्या दुकानात नव्वदच्या पुढचा दिवा असावा असे मानतात. स्वस्त दिव्यांत तो ऐंशीच्याही खाली असू शकतो. पिढ्यान्‌पिढ्या गादीवर बसणाऱ्याला जे अनुभवाने कळले, त्याचे कारण आणि उपाय या शिक्षणात सापडतात.

जागेचा परिणाम शरीरावर होतो, याला शास्त्रीय आधारही आहे. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या २३ जोड्या त्याने तपासल्या. जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे रोगी सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. शोधग्रामच्या परिसरातील लोकांनी आपल्या भाषेत जे सांगितले होते, त्याच दिशेचे हे निरीक्षण आहे. खोली ही उपचाराचाच एक भाग असते.

वर्गात नेमके काय शिकवतात

या विषयाचे पदवी शिक्षण साधारणतः चार वर्षांचे असते. पहिल्या वर्षी संगणकापेक्षा हाताला अधिक काम असते. एकच खुर्ची वीस बाजूंनी रेखाटणे, पुठ्ठ्याची प्रतिकृती करणे, स्वतःची खोली मोजून तिचा नकाशा व छेद काढणे अशा गोष्टींत ते वर्ष जाते. छेद म्हणजे घर सुरीने उभे कापले तर आत जसे दिसेल तसे चित्र. नकाशा वाचता येणारे पुष्कळ भेटतात, छेद वाचता येणारे थोडे. आणि घरातील उंची, उजेड व हवा यांचा खरा हिशेब छेदातच असतो.

पुढील वर्षांत साहित्याचे ज्ञान येते. लाकूड, दगड, काच, धातू, कापड, चुना, प्लायवूड यांचे गुणदोष, त्यांचे सांधे, त्यांचे आयुष्य शिकवले जाते. कार्यशाळेत सुताराच्या शेजारी उभे राहून करवत चालवावी लागते. प्रकाश, ध्वनी, वायुवीजन, वीज व पाणी यांची व्यवस्था, अग्निसुरक्षेचे नियम, फर्निचरची रचना आणि कलेचा इतिहास हे विषय असतात. सुट्टीत विद्यार्थ्यांचे गट एखाद्या गावी जाऊन जुनी घरे मोजतात. कामाचे अंदाजपत्रक, साहित्याची यादी आणि कंत्राटाची भाषाही शिकवली जाते. व्यापारी घरातील मूल या ठिकाणी इतरांच्या पुढे असते, कारण भाव, माप, उधारी आणि वायद्याची तारीख हे शब्द त्याने पाळण्यात असल्यापासून ऐकलेले असतात.

सर्वांत कठीण तास असतो तो परीक्षणाचा. विद्यार्थी रात्री जागून केलेले काम भिंतीवर लावतो आणि परीक्षक सर्वांसमोर विचारतात, "हे दार इथेच का?" 'छान दिसते म्हणून' हे उत्तर चालत नाही. प्रत्येक रेषेमागे कारण द्यावे लागते. नावडत्या प्रश्नाला शांतपणे उत्तर देण्याची ही सवय पुढे ग्राहकासमोर, कंत्राटदारासमोर आणि घरातील वडीलधाऱ्यांसमोरही उपयोगी पडते.

फर्निचरच्या धंद्यातून पुढे

'व्यापाऱ्याच्या घरात हे कोण करते?' असे विचारणाऱ्यांसाठी एक मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. बाळकृष्ण दोशी यांचा जन्म २६ ऑगस्ट १९२७ रोजी पुण्यात झाला. त्यांच्या घरात दोन पिढ्या फर्निचरचा व्यवसाय चालत आला होता. लाकडाचा वास, रंध्याचा आवाज आणि जोडकामातील नेमकेपणा यांत त्यांचे बालपण गेले. १९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, ते मुंबईच्या सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयात दाखल झाले. पुढे पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिए या जगद्विख्यात वास्तुविशारदाच्या हाताखाली त्यांनी काम केले आणि १९५४ साली त्याच्या इमारतींची देखरेख करण्यासाठी ते अहमदाबादला आले. १९६२ साली तिथे त्यांनी वास्तुकलेची शाळा सुरू केली. तीच संस्था वाढत वाढत आजचे सेप्ट विद्यापीठ झाली. तिथे १९९१ साली अंतर्गत रचनेची स्वतंत्र शाळा निघाली आणि या विषयाच्या शिक्षणात तिचे नाव देशात आदराने घेतले जाऊ लागले.

इंदूरच्या 'अरण्य' वसाहतीत दोशींनी गरीब कुटुंबांसाठी अशी रचना केली, की ज्याची जशी ऐपत वाढेल तसे त्याने आपले घर वाढवावे. २०१८ साली त्यांना वास्तुकलेचा सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय. २०२३ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. फर्निचरच्या कारखान्यात वाढलेल्या मुलाने धंदा सोडला असे म्हणता येईल. पण धंद्यातले ज्ञान घेऊन तो अधिक मोठ्या अंगणात गेला, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

ज्या संस्थेच्या छायेत दोशी शिकले ती सर ज. जी. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली तीही एका व्यापाऱ्याच्या दानातून. सर जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. व्यापार आणि कलाशिक्षण यांचे नाते आपल्याकडे नवे नाही.

वाटा कोणत्या?

प्रवेशाचे मार्ग पालकांनी दहावीनंतरच समजून घ्यावेत, कारण एक निर्णय अकरावीतच होऊन जातो. वास्तुविशारद होण्यासाठीची पाच वर्षांची बी.आर्क. पदवी हवी असेल तर बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र आवश्यक आहे. त्यासाठी 'नाटा' ही अभिक्षमता परीक्षा किंवा जेईई मुख्य परीक्षेतील वास्तुकलेचा पेपर द्यावा लागतो. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रवेश या दुसऱ्या मार्गाने होतात. वाणिज्य शाखेच्या मुलांना हे दार बंद असते. व्यापारी घरांतील बहुतेक मुले वाणिज्यच घेतात, म्हणून ही गोष्ट आधी कळलेली बरी.

अंतर्गत रचनेची वाट मात्र वाणिज्य आणि कला शाखेलाही खुली आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत फर्निचर व अंतर्गत रचना हा विषय आहे. तिची प्रवेश परीक्षा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. मुंबई आयआयटीकडून घेतली जाणारी 'युसीड' परीक्षाही सर्व शाखांसाठी आहे. सर ज. जी. कलाशाळेत अंतर्गत सजावटीचा जुना विभाग आहे. २०२३ साली या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुलीला केवळ मुलींच्या संस्थेत पाठवावे असा घरचा आग्रह असेल, तर वास्तुकलेसाठी नागपूरचे श्रीमती मनोरमाबाई मुंडले महाविद्यालय आणि पुण्यातील महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे डॉ. भानुबेन नानावटी महाविद्यालय हे पर्याय आहेत. बारावीपर्यंत थांबायचे नसेल, तर तंत्रनिकेतनांत या विषयाचे पदविका अभ्यासक्रमही असतात.

गडचिरोली व चंद्रपूर या दोन जिल्ह्यांसाठी २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि अनेक विषयांचे उच्चशिक्षण घराजवळ आले. या विषयासाठी मात्र आजही बहुतेकांना नागपूर, पुणे, मुंबई किंवा अहमदाबाद गाठावे लागते.

कायद्याची एक बाब ठळकपणे लक्षात ठेवावी. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे 'आर्किटेक्ट' ही उपाधी केवळ वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झालेली व्यक्तीच लावू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले की हा निर्बंध उपाधीपुरता आहे. अंतर्गत रचनाकाराला अशी नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे वाट सोपी झाली, तशी फसगतही वाढली. सहा महिन्यांच्या शिकवणीवर 'इंटिरिअर आर्किटेक्ट' अशी पाटी लावणारे भेटतात. पाल्याला प्रवेश घेण्यापूर्वी पदवी कोणत्या विद्यापीठाची, त्या विद्यापीठास अनुदान आयोगाची मान्यता आहे काय, कार्यशाळा प्रत्यक्ष आहे काय, आणि मागील तुकडीचे विद्यार्थी आज काय करतात, हे चार प्रश्न पालकांनी स्वतः जाऊन विचारावेत. माल घेताना पोते उघडून दाणा हातावर पाहणाऱ्या माणसाने शिक्षण मात्र छापील पत्रक पाहून घेऊ नये.

खर्चाचाही स्पष्ट विचार हवा. शासकीय व खासगी संस्थांच्या शुल्कात मोठे अंतर असते. त्याखेरीज कागद, प्रतिकृतींचे साहित्य, चांगला संगणक आणि अभ्याससहली यांवर दरवर्षी खर्च होतो. तो शुल्काच्या पत्रकात दिसत नाही. २०१४ साली जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्या अनुषंगाने व्यावसायिक शिक्षणासाठी असलेल्या शिष्यवृत्तींची चौकशी महाविद्यालयाच्या कार्यालयात वेळेवर करावी. उत्पन्नाचा दाखला जूनमध्ये आठवला तर उशीर झालेला असतो.

जंगल आपले, कारागिरी परक्याची

आता दुसरा, अधिक अवघड प्रश्न. शिकून मूल परत कशाला येईल?

गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. आलापल्लीचे सागवान इंग्रज अमदानीपासून नावाजलेले आहे. तेथील 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हा राखलेला वनखंड पाहिला की सागाचे झाड किती उंच होऊ शकते ते कळते. २०१४ साली त्याला राज्यातील पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान मिळाला. २०२३ साली चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील सागवान बल्लारपूरहून वाजतगाजत अयोध्येला रवाना झाले. तेथील राममंदिराची दारे त्याची आहेत. दिल्लीच्या नव्या संसदभवनातही नागपूरकडून गेलेले सागवान आहे. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण त्याच दारांवरील कोरीवकाम हैदराबादच्या लाकूड-कारखान्याने आणि तमिळनाडूच्या कारागिरांनी केले, हेही ध्यानात घ्यावे. लाकूड येथले होते. हात आणि आराखडा दुसरीकडचे होते. व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही, की कच्च्या मालाच्या भावात आणि तयार वस्तूच्या भावात जे अंतर असते तीच खरी कमाई.

बांबूची कथा याहून बोलकी आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ च्या एप्रिलमध्ये तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. तेव्हापासून या भागात बांबूचा मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर बदलत गेले. त्याचे काय घडवायचे, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. सुपे, टोपल्या, ताट्या आणि धान्याच्या ढोल्या विणणारे हात येथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्या हातांना शहरातील कार्यालयाचे छत, शाळेची बाके किंवा दुकानाची दर्शनी चौकट करून द्यायची असेल, तर मध्ये मापाची आणि आराखड्याची भाषा जाणणारा माणूस लागतो.

चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे शासनाचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे बांबूकामाचे शिक्षण मिळते. २०२२ साली तेथील बांबूच्या वास्तूला मोठी आग लागली. बांबूची सुंदर वास्तू उभारणे हा अर्धाच भाग आहे. आगीपासून, पाण्यापासून आणि किडीपासून ती राखण्याचे शास्त्र हा दुसरा अर्धा. तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला की त्यातील पिष्ट निघून जाते आणि भुंग्याला तो गोड लागत नाही. जुने जाणते लोक हे करीत आले आहेत. कीड लागल्यावर फवारे मारण्यापेक्षा ती येऊच नये अशी व्यवस्था करणे, ही दृष्टी अहिंसक जीवनपद्धती मानणाऱ्या कुटुंबांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

सागाचेही तसेच. गाभ्याचे लाकूड टिकते, सालीजवळचे पांढुरके कच्चे लाकूड कीड खाते. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून दाराची फळी चौकटीत सैल बसवावी लागते. चंद्रपूर परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते. पुण्या-मुंबईच्या पुस्तकातले माप येथे जसेच्या तसे चालत नाही. कुडाच्या भिंती, शेणामातीचा गिलावा, कवेलूचे छप्पर आणि खोल ओसरी ही या हवेला दिलेली जुनी उत्तरे होती. काँक्रीटच्या सपाट छताखाली दोन वातानुकूलन यंत्रे चालवूनही न मिळणारा गारवा त्या घरांत कसा मिळत होता, हे शोधणे हा विद्यार्थ्याच्या अखेरच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी उत्तम विषय आहे. आणि तो येथे वाढलेल्या मुलाला जितका साधेल तितका बाहेरच्याला साधणार नाही.

आपल्या घरांकडे पाहताना

जैन कुटुंबाच्या घराची स्वतःची एक दिनचर्या असते आणि रचनाकाराने ती ओळखली नाही तर सुंदर घरही अडचणीचे होते. सूर्यास्तापूर्वी भोजन व्हायचे असेल तर जेवणाची जागा अशी हवी, की सायंकाळचा उजेड तिथे शेवटपर्यंत रेंगाळेल. आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तोच पश्चिमेचा भाग भट्टीसारखा तापू नये म्हणून वर छज्जा किंवा बाहेर झाड हवे. पाणी गाळून व उकळून ठेवण्यासाठी ओट्याला जोडून वेगळी जागा लागते. सामायिकाला बसणाऱ्या आजोबांना ४८ मिनिटे दूरचित्रवाणीचा आवाज ऐकू न येणारा कोपरा लागतो. मोठे देवघर नसले तरी चालते, शांतता मात्र हवी. शहरातील आयता आराखडा यांपैकी कशाचीही दखल घेत नाही. घरातीलच मुलगी ही विद्या शिकली तर तिला हे सांगावे लागत नाही.

भद्रावती येथील श्री केसरिया पार्श्वनाथ तीर्थ या भागातील भाविकांचे श्रद्धास्थान. अशा तीर्थक्षेत्री यात्रेकरू कुटुंबाचा अर्धा वेळ दर्शनात तर अर्धा धर्मशाळेत आणि भोजनशाळेत जातो. कोणत्याही धर्मशाळेत वृद्धांसाठी आधाराचे कठडे, न घसरणारी फरशी, रात्री डोळ्यांवर न येणारा दिवा आणि चपलांच्या गर्दीतून मोकळी राहणारी वाट या लहान गोष्टींतून दात्याच्या दानाचे खरे सार्थक होते. संगमरवराच्या पाटीवर नाव कोरले जाते; पण पायरीची उंची नीट असेल तर आजीचे गुडघे दात्याला दुवा देतात.

परतीचा रस्ता

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातूनच हळूहळू स्पष्ट होते. शिकलेले प्रत्येक मूल परत येईल, अशी खात्री कोणी देऊ नये. काही जण मोठ्या शहरांत स्थिरावतील आणि त्यात दुःख मानण्याचे कारण नाही. पण परत येण्याजोगे काही येथे आहे, हे मुलाला कळण्याची जबाबदारी घराची आहे. मूल परत येते तेव्हा अनेकदा वडील त्याला गल्ल्यावर बसवतात आणि म्हणतात, "ते तुझे चित्रकाम फावल्या वेळात कर." चार वर्षांत शिकलेले सारे तिथेच गुंडाळले जाते. त्याऐवजी प्लायवूड, फरशी, लोखंडी सामान किंवा कापडाच्या दुकानालाच रचनेच्या सल्ल्याची जोड दिली, वखारीच्या एका कोपऱ्यात सुतार व बांबू कारागिरांबरोबर छोटी कार्यशाळा उभी केली, तर जुना धंदा आणि नवी विद्या एकमेकांना आधार देतात. ग्राहक फळी घ्यायला येतो आणि कपाटाचा आराखडाही घेऊन जातो.

मुलींच्या बाबतीत विचार आणखी थोडा पुढे न्यावा लागेल. ही विद्या लग्नापूर्वीचा छंद म्हणून शिकवायची आणि नंतर कपाटात ठेवायची, तर चार वर्षांचा खर्च आणि तिचे कष्ट दोन्ही वाया जातात. हे काम मुलगी स्वतःच्या नावावर करू शकते, लहानापासून सुरू करू शकते आणि सासर दुसऱ्या गावी असले तरी सोबत नेऊ शकते. संबंध ठरवताना दागिन्यांची यादी होते, तेव्हाच तिच्या कामाच्या टेबलासाठी त्या घरात खिडकीजवळ जागा आहे काय, हेही विचारून घ्यावे.

शोधग्रामच्या दवाखान्यात जे घडले त्याची सुरुवात एका साध्या कृतीने झाली होती. ज्यांच्यासाठी जागा बांधायची त्यांना आधी विचारले गेले आणि त्यांचे उत्तर मनावर घेतले गेले. विद्यापीठात या विद्येचा पहिला पाठ तोच असतो. बारावीचे गुणपत्रक हाती घेऊन मूल दिवाणखान्यात उभे असते, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनीही तो पाठ गिरवावा. आधी विचारावे, मग ऐकावे आणि त्यानंतर ठरवावे.